विश्वकोशाच्या वेशीवर एक तांब्याचे संयुग

गेल्या पावसाळ्यात मराठी विकिपीडियावर एक पान तयार झाले. त्याचे शीर्षकच दीड ओळीचे होते: आधी सॅलिसिलाल्डिहाइड, मग एक ॲमिन, मग तांबे आणि मधूनमधून कंसातले आकडे, अशी देवनागरीत ओळीने मांडलेली ती एका संयुगाची पूर्ण रासायनिक ओळख होती. दोनच दिवसांत कोणीतरी त्या पानाला 'पानकाढा' साचा लावला, म्हणजे हे पान वगळावे असे सुचवले, आणि कारण म्हणून 'उल्लेखनीयता?' हा एकच शब्द लिहिला. पान लिहिणाऱ्या तरुणाने चर्चा पानावर त्याला सविस्तर आणि काहीसे दुखावलेले उत्तर दिले. मी निवृत्त होण्यापूर्वी एकतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, हे तिथल्या दोनचार सदस्यांना ठाऊक असल्यामुळे 'मॅडम, आपण एकदा पाहाल का?' असा निरोप माझ्याकडे आला.

मी पान उघडले आणि पहिल्या परिच्छेदातच सगळे ओळखीचे वाटू लागले. एक ॲल्डिहाइड आणि एक ॲमिन अल्कोहोलमध्ये घेऊन दोन-तीन तास तापवायचे, पाण्याचा एक रेणू बाहेर पडून पिवळे स्फटिक मिळतात, त्यांना शिफ बेस म्हणायचे. मग त्यावर तांबे, निकेल, कोबाल्ट, जस्त यांचे क्षार एकामागून एक टाकायचे आणि रंग बदलला की नवे संयुग झाले असे समजायचे. शेवटी जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बशीत ते ठेवायचे आणि त्याच्याभोवती जी स्वच्छ गोल जागा उरते तिचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत ज्याने दोन वर्षे काढली आहेत, त्याला हा घाट पाठ असतो, आणि त्यावर पीएच.डी. झालेले किमान चारजण त्याच्या ओळखीत असतात. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. पानावरचे काम नेटके होते, वर्णपट नीट वाचलेले होते, आणि निष्कर्षात कुठेही अवाजवी दावा नव्हता. मी परीक्षक असते तर प्रबंधाला सही दिली असती.

अडचण नेमकी इथेच आली, कारण मला सही मागितलेली नव्हती. संशोधन चांगले आहे का, हा परीक्षकाचा प्रश्न असतो. ते सर्वसाधारण वाचकासाठी असलेल्या ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद होऊन बसावे का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि एकतीस वर्षे पहिला प्रश्न विचारण्याची सवय झालेल्या माणसाला दुसऱ्याकडे वळताना मान आखडते. त्या तरुणाचा युक्तिवादही पहिल्या प्रश्नाचाच होता: 'हे संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे, तज्ज्ञांनी तपासले आहे, मग ते अविश्वसनीय कसे?' त्याला अविश्वसनीय कोणीच म्हटले नव्हते.

मी पानाखालचे संदर्भ मोजले. ते सात होते. त्यांपैकी पाच शोधनिबंध त्या तरुणाच्या मार्गदर्शकांच्याच गटाचे होते आणि दोहोंत त्याचे स्वतःचे नाव होते. सहावा संदर्भ 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंधाचा होता, जो अर्थातच त्याच गटातला होता. सातवे एका मराठी दैनिकातील बातमीचे कात्रण होते, 'जिवाणूंवर मात करणारे नवे संयुग' अशा मथळ्याचे. वरवर पाहता हे सातवे तरी बाहेरचे वाटते, पण बातमी वाचली तर तिच्यातली वाक्ये विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकाची होती हे लपत नव्हते. त्यात दुसऱ्या कोणा रसायनशास्त्रज्ञाचे मत नव्हते, प्रश्न विचारल्याची खूण नव्हती. एकाच विहिरीचे पाणी सात घागरींत भरून ठेवले तरी विहिरी सात होत नाहीत.

विकिपीडियाच्या भाषेत या कसोटीला उल्लेखनीयता म्हणतात, आणि तिचा गाभा एवढाच आहे की विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा दुसऱ्या कोणीतरी त्याची पुरेशी विस्ताराने दखल घेतलेली असावी. 'पुरेशी विस्ताराने' या दोन शब्दांवर रसायनशास्त्रात फार गफलत होते. आमच्या क्षेत्रात आढावा घेणारे लेख असतात, त्यांत चारचारशे निबंधांचा परामर्श असतो आणि अशा लेखात आपले नाव आले की संशोधकाला ते दखल घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते नाव बहुधा तक्त्यातील एका ओळीत असते, किंवा 'अशी अनेक संयुगे तयार करण्यात आली आहेत' या वाक्याच्या शेपटाला जोडलेल्या बारा ते सत्तावीस अशा घाऊक आकड्यांत एकोणीस क्रमांकावर असते. ती हजेरी आहे, दखल नव्हे. आढावा लिहिणाऱ्याने थांबून त्या कामाबद्दल दोन परिच्छेद लिहिले आहेत का, ते इतरांपेक्षा वेगळे कशात आहे हे सांगितले आहे का, त्यातली उणीव दाखवली आहे का, हे पाहावे लागते. उणीव दाखवलेली असेल तर फारच बरे, कारण मैत्रीखातर कोणी उणीव दाखवत नाही.

शिफ बेस या विषयावरच हे ताडून पाहता येते, आणि मी चर्चा पानावर तसे ते मांडलेही. ह्यूगो शिफ यांनी १८६४ साली या जातीची संयुगे वर्णिली. या संयुगांवर स्वतंत्र नोंद असावी याबद्दल कोणाचेही दुमत होणार नाही. त्यांच्यापैकी सॅलेन नावाचा एक रेणू आहे. सॅलिसिलाल्डिहाइडचे दोन रेणू आणि एथिलीनडायअमाइनचा एक रेणू यांपासून तो बनतो आणि चार बाजूंनी धातूला कवेत घेतो. त्याच घडणीचे एक मँगनीज संयुग १९९० साली एरिक जेकबसन यांनी उत्प्रेरक म्हणून वापरले, आणि त्यामुळे उजव्या-डाव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी हवे ते एकच रूप देणारी एपॉक्साइड (ऑक्सिजनचे त्रिकोणी कडे असलेली संयुगे) बनवण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी, ज्यांना जेकबसन यांचे भले करायचे नव्हते, आपापल्या गरजेपोटी ती वाट वापरली, सुधारली, तिच्या मर्यादा सांगितल्या, आणि पाठ्यपुस्तकांनी तिला प्रकरणात जागा दिली. म्हणून सॅलेन कोशात जाते. आपल्या तरुणाचे संयुग त्याच कुळातले, तयार करायला कदाचित अधिक कष्टाचे, पण ते अजून घराबाहेर पडलेले नाही.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. ज्ञानकोशात मात्र हातच्या कांकणालाही दुसऱ्याचाच आरसा लागतो, आणि ही अट केवळ औपचारिक नाही. २००९ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अग्रगण्य नियतकालिकात एक निबंध आला. सोडियम हायड्राइड, जे प्रयोगशाळेत खनिज तेलात कालवलेल्या राखाडी चूर्णाच्या रूपात मिळते आणि प्रोटॉन काढून घेण्यासाठी प्रबळ आम्लारी म्हणून वापरले जाते, ते दुय्यम अल्कोहोलांचे ऑक्सिडीकरण करून कीटोन देते असा त्यात दावा होता. अल्कोहोलाच्या ऑक्सिडीकरणात हायड्रोजन काढून घ्यायचा असतो आणि हायड्राइड तर तो देणारे; त्याने ऑक्सिडीकरण करणे म्हणजे टॉवेलने अंग भिजवण्यासारखे आहे. निबंध वाचून चकित झालेल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रयोग लगेच आपापल्या चंबूत करून पाहिला, काहींनी त्याचे निष्कर्ष तिथल्या तिथे इंटरनेटवर मांडले, आणि ऑक्सिडीकरण घडतेच तर ते चंबूत शिरलेल्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे घडते असा उलगडा झाला. पुढे निबंध मागे घेण्यात आला. आता कल्पना करा, मधल्या काही दिवसांत एखाद्या उत्साही संपादकाने 'सोडियम हायड्राइड' या नोंदीत 'उपयोग' या मथळ्याखाली ऑक्सिडीकारक असे लिहून त्यापुढे त्या निबंधाचा संदर्भ दिला असता. संदर्भ नामांकित, तज्ज्ञांनी तपासलेला, ताजा. आणि नोंद चुकीची. शोधनिबंध हे संशोधकाने इतर संशोधकांपुढे मांडलेले म्हणणे असते, त्याला तिथे उत्तर मिळायचे असते. कोशाने त्या उत्तराची वाट पाहायची.

याच तर्काची दुसरी बाजू काहींना विचित्र वाटते. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघात निकोलाय फेद्याकिन आणि नंतर मॉस्कोत बोरिस देर्यागिन यांना क्वार्ट्‌झच्या केसाएवढ्या बारीक नळ्यांत जमा होणारे एक निराळेच पाणी सापडले, जे साध्या पाण्यापेक्षा घट्ट होते, सहजी गोठत नव्हते आणि सहजी उकळत नव्हते. १९६९ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याला 'पॉलीवॉटर' हे नाव दिले, शेकडो निबंध निघाले, हे पाणी समुद्रात सांडले तर काय होईल अशी भीतीही व्यक्त झाली. मग बेल प्रयोगशाळेतील डेनिस रूसो यांनी स्वतः खेळून घाम गाळला, त्या घामाचा अवरक्त वर्णपट काढला, आणि तो पॉलीवॉटरच्या वर्णपटाशी मिळताजुळता निघाला. ते पाणी अशुद्ध होते, एवढेच. १९७३ मध्ये देर्यागिन यांनीही ते मान्य केले. म्हणजे संशोधन चुकीचे ठरले; तरीही पॉलीवॉटरवर कोणत्याही सर्वसाधारण कोशात नोंद असायला हवी, आणि आमच्या तरुणाच्या अचूक संयुगावर नसली तरी चालेल. खरे संशोधन बाहेर आणि खोटे आत, हा काय न्याय, असे त्याने मला विचारलेही. कोश पदार्थाला प्रमाणपत्र देत नाही. माणसांनी त्या पदार्थाबद्दल काय म्हटले, काय मानले आणि काय सोडून दिले, ते तो नोंदवतो, आणि पॉलीवॉटरबद्दल माणसांनी पुष्कळ म्हटले आहे.

पदार्थांना प्रमाणपत्र देणाऱ्या वह्या वेगळ्या असतात, आणि त्या आहेत. अमेरिकेतील केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसच्या नोंदवहीत २०१५ साली दहा कोटीवा पदार्थ नोंदला गेला आणि नंतर तो आकडा वीस कोटींच्या पुढे गेला. तिथे प्रत्येक नव्या संयुगाला, ते कोणी बनवले आणि कशाला बनवले याची विचारपूस न करता, एक क्रमांक मिळतो. आपल्या तांब्याच्या संयुगालाही तो मिळालेला असणार. पण नोंदवही आणि कोश यांत पटवारी आणि इतिहासकार यांच्याइतका फरक आहे. पटवाऱ्याने जमिनीचा एकही गट सोडता कामा नये, इतिहासकाराने बहुतेक सगळे सोडावेत.

कागदावरच्या कोशांना हे सोडणे शिकवावे लागत नव्हते, पानेच शिकवीत. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड, त्यांतला 'विज्ञानेतिहास' हा प्रस्तावनेचा पाचवा खंड. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि एकूण खंड वीस. या दोन्ही ठिकाणी संपादकाच्या टेबलावर एक अदृश्य तराजू असे: ही नोंद घेतली तर दुसरी कोणती कापायची? विश्वकोशात एखाद्या संकल्पनेपुढे नुसते 'पहा :' लिहून वाचकाला मोठ्या नोंदीकडे पाठवलेले दिसते, ती मला फार सुज्ञ रीत वाटते. विकिपीडियाला कागद पुरवावा लागत नाही, म्हणून तराजू गेला असे काहींना वाटते. माझ्या मते वजन पारड्यातून उचलून माणसांच्या खांद्यावर आले आहे. पानाला जागा लागत नाही, पण पान सांभाळायला माणूस लागतो: चूक दुरुस्त करणारा, खोडसाळपणा उलटवणारा, पाच वर्षांनी संदर्भ तपासणारा. मराठीत रसायनशास्त्राची पाने नियमित पाहणारी आम्ही माणसे एका रिक्षात मावू.

इथवर मी दुसऱ्याच्या पानाबद्दल बोलले. माझ्या स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लेखनाच्या जागेवर, एक पान दीड वर्ष अडकून पडले आहे, त्याची हकीकत सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही.

त्या पानाचे नाव 'बेकर–वेंकटरामन पुनर्रचना'. यातले वेंकटरामन म्हणजे कृष्णस्वामी वेंकटरामन. ते १९३३ च्या सुमारास लाहोरला होते, तिथे त्यांनी आणि इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी ही विक्रिया स्वतंत्रपणे मांडली. १९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, १९३८ पासून त्याचे संचालक झाले (माटुंग्याची ती संस्था आज वेगळ्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ आहे), आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. कृत्रिम रंगद्रव्यांवरचा त्यांचा बहुखंडी ग्रंथ, ज्याचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले, त्या धंद्यातील लोकांच्या कपाटात आजही दिसतो. मुंबई-पुण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या नावाची विक्रिया मराठी कोशात नसावी, हे मला लागले होते, आणि हे लागणे हेच माझ्या पक्षपाताचे मूळ होते हे मला पुढे कळले.

त्यात एक खासगी धागाही होता. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी ही विक्रिया मी हाताने केली आहे. ऑर्थो-हायड्रॉक्सिॲसिटोफिनोनवर पिरिडीनमध्ये बेंझॉइल क्लोराइड टाकायचे, ते बाटलीचे बूच उघडताच डोळ्यांतून पाणी काढते. एस्टर तयार झाले की पुन्हा पिरिडीन, आणि त्यात खलात कुटलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड. खल-बत्ता गरम करून घ्यायला आणि हात भराभर चालवायला सरांनी बजावले होते, कारण ते चूर्ण हवेतले पाणी ओढून बघता बघता चिकट होते. पन्नास अंशांच्या आसपास ढवळत राहिले की काही मिनिटांत चंबूतला द्रव पिवळाजर्द होऊन इतका दाट होतो की काचेची कांडी फिरेनाशी होते. तो पिवळा लगदा म्हणजे एका डायकीटोनचा पोटॅशियम क्षार. त्यावर ॲसिटिक आम्ल, मग सल्फ्युरिक आम्लाच्या चार थेंबांसह तापवणे, मग सगळे कुटलेल्या बर्फावर ओतणे, आणि इतक्या पिवळेपणातून शेवटी हाती येतात ते फ्लॅव्होनचे पांढरे स्फटिक. पिरिडीनचा वास आठवडाभर ओढणीतून गेला नाही. घडते ते असे: आम्लारी एक प्रोटॉन काढून घेते, रिकामा झालेला कार्बन वळून शेजारच्याच एस्टरवर चाल करतो, आणि ॲसिल गट ऑक्सिजनवरून उचलला जाऊन कार्बनवर येऊन बसतो. घर तेच, खोली बदलली.

उल्लेखनीयतेच्या कसोटीला ही पुनर्रचना सहज उतरते. नाव असलेल्या विक्रियांच्या बहुतेक संदर्भग्रंथांत ती आहे, इतर प्रयोगशाळांनी तपासून प्रसिद्ध केलेली तिची कृती उपलब्ध आहे, आणि नव्वद वर्षांत तिच्यावर लिहिणाऱ्यांचा वेंकटरामन यांच्याशी काही संबंध नाही. इंग्रजी विकिपीडियावर तिचे पान आहे. म्हणून मी उत्साहाने मराठी पान लिहायला घेतले, आणि पहिला मसुदा जतन करून पाहिला तर पान तांबड्या रंगाने फुलले होते. विकिपीडियावर ज्या शब्दाची नोंद अस्तित्वात नाही त्याचा दुवा लाल दिसतो. माझ्या तीन परिच्छेदांत अकरा लाल दुवे होते: एनोलेट, डायकीटोन, ॲसिल गट, फ्लॅव्होन, क्रोमोन, पिरिडीन, असे. अकरा पायऱ्या नसलेल्या जिन्याची मी बारावी पायरी बांधली होती. एम.एस्सी. झालेल्याला ते पान लागत नव्हते, कारण त्याच्याकडे इंग्रजी ग्रंथ असतात. आणि ज्याच्याकडे नसतात त्याला त्या पानापर्यंत चढताच येणार नव्हते.

तेव्हा एखादे विशेष संशोधन कोशात बसते का, याचे उत्तर त्या संशोधनात अर्धेच असते आणि उरलेले अर्धे कोशात आधीपासून काय आहे यात असते, अशा मतावर मी आले आहे. फ्लॅव्होनपाशी थोडे थांबले तर सर्वसाधारण वाचक सहज येऊ शकतो. कांद्याच्या सालीतला पिवळा-तपकिरी रंग ज्या क्वेर्सेटिनमुळे येतो ते याच कुळातले, आणि रंगपंचमीला पळसाची फुले उकळून जो केशरी रंग काढतात त्यातली द्रव्येही फ्लॅव्होनॉइडच. आधी हे पान, मग वेंकटरामन यांचे चरित्र, मग त्या चरित्रात पुनर्रचनेवर एक परिच्छेद. स्वतंत्र पानाची पाळी त्यानंतर. हाच न्याय सुझुकी जोडणीला, म्हणजे दोन रेणूंतले कार्बन एकमेकांना जोडणाऱ्या विक्रियेला, लावला तर ती आजच स्वतंत्र पान मागू शकते: तिला २०१० च्या नोबेलचा वाटा मिळाला आहे, आणि रक्तदाबासाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या लोसार्टनच्या रेणूतील दोन बेंझीन कडी जोडण्यासाठी ती वापरली गेली आहे, त्यामुळे गोळीच्या पाकिटापासून तिच्यापर्यंत वाट आहे.

मराठीत आणखी एक पेच आहे, जो इंग्रजी संपादकाच्या वाट्याला येत नाही. स्वतःचे संशोधन कोशात घालायचे नाही हा नियम आपण शास्त्रीय निष्कर्षांना लावतो, पण मराठीत लिहिताना शब्दही घडवावे लागतात, आणि शब्द घडवणे हेही एक प्रकारचे मूळ संशोधनच असते. साधी गोष्ट घ्या: विश्वकोशात 'विक्रिया' म्हणतात, बालभारतीच्या पुस्तकात 'अभिक्रिया'; निदान दोहोंमागे कोणीतरी उभे आहे. एनोलेटसाठी मी 'एनोलायन' असा शब्द घडवून मसुद्यात घातलाही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोडला. माझ्या पानावरून तो कोणा विद्यार्थ्याच्या प्रकल्पात गेला असता, तिथून एखाद्या मार्गदर्शक पुस्तिकेत, आणि तीन वर्षांनी त्या पुस्तिकेचा संदर्भ देऊन कोणीतरी तो माझ्याच पानावर सिद्ध केला असता. विशेष संशोधन जितके खोल, तितके असे निराधार शब्द अधिक लागतात, म्हणून मराठीत वेस थोडी अलीकडे असावी असे मला वाटते.

दखलीच्या या कसोटीवर माझा विश्वास आहे, पण तिच्यात खोट आहे हे मी त्या तरुणापासून लपवले नाही. ११७ वे मूलद्रव्य टेनेसीन बनवण्यासाठी अमेरिकेतील ओक रिजच्या प्रयोगशाळेत २२ मिलिग्रॅम बर्केलियम वेगळे करून रशियातील दुब्ना येथे पाठवले गेले. ते शुद्ध करणाऱ्या चमूत क्लॅरिस फेल्प्स होत्या. त्यांच्यावरचे इंग्रजी विकिपीडियातील पान २०१९ च्या फेब्रुवारीत वगळले गेले, कारण स्वतंत्र दखल पुरेशी नव्हती. बराच वाद झाला आणि २०२० मध्ये ते परत आले. नियम चुकीचा लावला गेला नव्हता असे मला वाटते, आणि तरीही निकाल खुपतो. दखल ही समान वाटली जाणारी वस्तू नाही. नामांकित संस्थेतल्या साध्या निबंधाकडे चार लोक वळून पाहतात, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या चांगल्या निबंधाकडे कोणी पाहत नाही. हे दुरुस्त करण्याची जागा मात्र कोश नव्हे. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, इतर नियतकालिके आहेत. तिथे एखाद्या बाहेरच्या रसायनशास्त्रज्ञाने या कामाची उलटसुलट तपासणी करणारा लेख लिहिला, तर मी स्वतः तो संदर्भ म्हणून लावायला तयार आहे. आम्ही मराठी विषयशिक्षकांनी एकमेकांच्या कामावर मराठीत लिहिले नाही, याचा दोष माझ्याकडेही येतो. मी एकतीस वर्षांत असा एकही लेख लिहिला नाही.

चर्चा पानावर मी शेवटी लिहिले की पान या रूपात ठेवू नये, पण त्यातला मजकूर वाया घालवू नये. मराठीत 'शिफ बेस' या नावाचे पान तेव्हा नव्हते. तेच त्या तरुणाने लिहावे असे मी सुचवले. ह्यूगो शिफ, संयुग कसे बनते, सॅलेन, जेकबसन, आणि शेवटी जैविक चाचण्यांवर एक परिच्छेद, जो इतरांनी लिहिलेल्या आढाव्यांवर आधारलेला असेल आणि ज्यात त्याच्या गटाचे नाव, आढाव्यात असेल तर आणि तेवढेच, येईल. उत्तर यायला आठ दिवस लागले. त्याने लिहिले की मार्गदर्शकांना वाईट वाटले आहे, पान व्हावे ही मूळ इच्छा त्यांचीच होती. पुढच्या ओळीत विचारले होते: 'मॅडम, विक्रिया लिहू की अभिक्रिया?'

मी 'विक्रिया' लिहा म्हटले, आणि पहिल्या वापरापाशी पाठ्यपुस्तकातला शब्दही द्या म्हटले. त्याचे पान आता उभे आहे, त्यात इमाइनचा (शिफ बेस ज्या वर्गात येतात त्याचा) एक लाल दुवा होता तोही त्यानेच निळा केला. माझ्या धूळपाटीवर अकरापैकी सात उरले आहेत. या आठवड्यात पिरिडीन लिहायला घेतले आहे.